दहावा

आमच्यात माणसं मोजत नाहीत.
मोजली की दृष्ट लागते, आई म्हणायची,
म्हणून हजानकाका बोट न उचलता
दहा शब्दांचं एक वचन पुटपुटतात,
माणशी एक शब्द.
वचन पुरं झालं की मिन्यान पुरा.

लष्करात मोजतात.
एकाहत्तरच्या तारेत आधी नंबर होता, सात आकडी,
मग हुद्दा, मग नाव, तेही चुकलेलं :
वाकरूळकरचं वाकळकर.
आई तारवाल्याला म्हणाली,
हा आमचा नव्हे, बघा ना, स्पेलिंग दुसरं आहे.
तो काही बोलला नाही. सहीसाठी पेन्सिल धरून उभा राहिला.

पिनहास. घरात पिनू.
तेवीस वर्षं, वरचे महिने मी मोजले नाहीत.
मनुकांचं शरबत गाळायचं फडकं डोक्याला गुंडाळून
आरशाला सॅल्यूट ठोकायचा.
आरशावर चादर टाकली तेव्हा तेवढंच आठवलं.
रडू फार नंतर आलं.

तिसाव्या दिवशी दारात एक माणूस.
खाकी स्वेटर, हातात पिशवी,
डोक्यावर नुकतेच उगवू लागलेले केस.
नाईक धोंडीराम शेडगे, तालुका कोरेगाव.
चौकटीवरच्या मेझुझाला हात लावतात हे त्याला ठाऊक नव्हतं,
तो उंबऱ्याच्या पाया पडला.

"चौघांना अग्नी दिला तवीच्या काठी.
ह्याला माती द्या म्हटलं साहेबांना, ह्यांच्यात तसंच असतंय,
बोलला होता एकदा पहाऱ्यावर.
खड्डा मीच खणला. थंडीनं माती लोखंड झालेली."
मग बराच वेळ बशीतल्या चहाकडे बघत राहिला.
"एक चूक झाली माझ्याकडनं, आई.
दहाव्या दिवशी चौघांसंगट ह्याचाबी पिंड ठेवला.
बाकीच्यांना शिवला कावळा. ह्याला शिवंना.
सगळं बोलून बघितलं,
आईला पेन्शन मिळंल, बहिणीचं लगीन हुईल.
ऊन कललं. मग म्हणलं, वाकरूळकर,
दर साली तुझ्या घरी जाईन, जिता असेस्तोवर.
तवा आला."

(लग्न काही झालं नाही.
पण त्यात कावळ्याचा दोष नाही.)

आमच्यात पिंड नसतो. कावळा नसतो.
शब्बाथला चूलही न पेटवणाऱ्या माझ्या आईनं
पदर डोक्यावर ओढला,
आणि एवढंच विचारलं :
"कुठल्या बाजूनं आला?"

तेव्हापासून किसलेव महिना लागला की शेडगे येतो,
शेरभर वाघ्या घेवडा घेऊन.
सात रस्त्याजवळच्या आमच्या सिनेगॉगात
मागच्या बाकावर बसतो, पिनूची टोपी घालून.
पुढचे बाक रिकामे होत गेले.
दिघोडकर अश्दोदला, तळकर लोदला,
आई वरळीला, दगडाखाली.

यंदा बायकांच्या गॅलरीत मी एकटी.
खाली काकांनी वचन सुरू केलं.
नवव्या शब्दाशी माणसं संपली.
नववा शब्द म्हणजे 'पर्यंत'.
दहावा 'सर्वकाळ',
तो त्यांच्या तोंडातच राहिला.

वॉचमन दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आला.
मागच्या बाकाशी शेडगे उठून उभा राहिला,
कवायतीत राहावं तसा,
सत्त्याहत्तराव्या वर्षी गुडघे देतील तितका ताठ.
नियम काकांना ठाऊक, मला ठाऊक,
इतक्या वर्षांत त्यालाही ठाऊक झालेला.
तरी उभा.
काकांनी पुस्तक मिटलं
आणि मिटल्या पुस्तकावर हात ठेवून बसून राहिले.

दहावा मिळाला नाही म्हणून
पिनूसाठी कद्दीश म्हटली गेली नाही.
त्याचा दहावा घालणारा
अजून खाली बसला नव्हता.

जिन्याशी त्यानं पिशवी माझ्या हातात दिली.
"रातभर भिजत घाला, ताई, औंदाचा जरा जून हाय.
पुढल्या साली कवळा आणतो."
आणि गाडीच्या वेळेला निघाला.
टोपी डोक्यावरच राहिली होती.
मी हाक मारली नाही.